जिथे भट्टी तिथेच दुकान : त्र्यंबकच्या वाटेवरचं पान आणि पेला

मंडळी, हल्ली मुंबई-पुण्याहून त्र्यंबकला येणाऱ्या ओळखीच्या माणसांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, दर्शनाची रांग किती आहे? दुसरा, परतताना जेवायला कुठे थांबायचं, ते वाइनरीवालं की नवीन ब्रुअरीवालं? सकाळी कुशावर्तावर आचमन, दुपारी द्राक्षबागेत पिझ्झा आणि पेला, रात्री घर. एका दिवसात दोन्ही यात्रा. यावर नाक मुरडणारे बरेच आहेत. मला मात्र त्यात नवल वाटत नाही. वाटसरूला जेवू घालणं आणि त्याच्याकडून चार पैसे मिळवणं हा या रस्त्याचा दोन हजार वर्षांचा धंदा आहे. वाटसरूच्या पेल्यात काय ओतायचं आणि ते कोणी ओतायचं, हे मात्र दर वेळी सरकारने ठरवलं. त्यात कोणाचं भलं झालं आणि कोणाच्या घरावर धाड पडली, ते आज सांगायचं आहे.

गंगापूर रोडने निघालात की गोवर्धन लागतं. आज त्याच्या आजूबाजूला वाइनरी, रिसॉर्ट, फार्महाऊस. नाव साधं वाटतं, पण पांडवलेण्यांमध्ये, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावर, नहपानाचा जावई उषवदात याचा जो मोठा शिलालेख आहे त्यात गोवर्धनचं नाव आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसौर, शूर्पारक म्हणजे नालासोपारा आणि आपलं गोवर्धन, या चार ठिकाणी आपण चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी-तळी केली, असं त्यात कोरलेलं आहे. दमण, डहाणू, तापी अशा ठिकाणी नावेने फुकट पार करण्याची सोय केली, दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, अशीही नोंद आहे. दुसऱ्या लेखात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणं ठेव ठेवली, तिचं व्याज महिन्याला शेकडा एक, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० ठेवली, तिचं व्याज शेकडा पाऊण, इतका चोख हिशेब आहे. बँकेची पावती दगडात कोरलेली म्हणा ना.

त्याच काळाच्या आसपास एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात पहिल्याच ओळींमध्ये दारू! इटलीची जास्त पसंतीची, मग लाओडिसियाची आणि अरबस्तानची. ही द्राक्षाची दारू ज्या निमुळत्या सुरयांमधून यायची त्यांचे तुकडे आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननातही सापडलेत. म्हणजे परदेशी द्राक्षाची दारू घाटावर चढत होती. आणि ती कुणासाठी, तर ज्याच्या कमरेला नाणी आहेत त्याच्यासाठी. गरिबाच्या पेल्यात जवळच्या झाडाचं जे असेल ते.

आता त्र्यंबक रोडवर या. अंजनेरीला भोगशक्ती राजाचे ताम्रपट सापडले, साधारण इसवी सन ७१० चे. एक उजाड झालेली पेठ पुन्हा वसवताना तिथल्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या, त्यांची ती सनद. जकात माफ आणि, लक्ष द्या, राजाच्या अधिकाऱ्यांच्या राहण्या-जेवण्याचा भार व्यापाऱ्यांवर नाही. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीसुद्धा साहेब लोक दौऱ्यावर आले की जेवणाचं बिल गावावर पडायचं, आणि ते बंद करायला ताम्रपट कोरावा लागायचा. असो.

पेशवाईत नानासाहेबांनी १७५५ मध्ये त्र्यंबकेश्वराच्या आजच्या मंदिराचं काम सुरू केलं, ते १७८६ पर्यंत चाललं. पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा, श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी, बारा वर्षांनी सिंहस्थ. गावाचं अर्थकारण यात्रेकरूच्या पानावर उभं राहिलं. यात्रेकरू उतरायचा तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात. कुणाच्या घरी कुठल्या गावचे, कुठल्या कुळाचे यजमान, याच्या वह्या पिढ्यानपिढ्या. शिधा यजमानाचा, चूल गुरुजींच्या घरची. सोवळं-ओवळं इतकं की दुसऱ्याच्या हातचं पाणीही तपासून घ्यायचं. पैसे देऊन कुणाच्याही शेजारी बसून जेवायचं ही कल्पनाच आपल्याकडे रेल्वे आणि इराणी हॉटेलांनंतरची. या सगळ्यात जवळच्या पाड्यांवरचा महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर, कातकरी कुठे होता? लाकडाची मोळी घेऊन, पत्रावळीची पानं घेऊन, मागच्या दाराशी. यात्रेकरूच्या पानाखालची पत्रावळ त्याची, पण पानात वाढलेल्यात त्याचं काहीच नाही.

त्याच्याकडे मोह होता.

मोह म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो. फाल्गुन-चैत्रात झाडाची पानं गळालेली असतात आणि पहाटे पिवळसर, मांसल, गोड फुलं टपटप पडतात. उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. उन्हात वाळवली की मनुक्यासारखी होतात आणि वर्षभर टिकतात. नागली-वरई संपत आलेली असते, पावसाला अवकाश असतो, अशा दिवसांत ही फुलं उकडून, भाजून खाल्ली जायची. फळाच्या बियांचं, म्हणजे मोहटीचं, तेल निघतं. दुष्काळात माणसं जगवणारं झाड आहे हे. आणि हो, फुलं पाण्यात भिजत घालून आंबवली, मडक्यावर मडकं ठेवून उकळली की दारू निघते. देवाला धार वाहायला, लग्नात, मयताला, पाहुण्याला. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण विनोदाने वापरतो, तो या भट्टीतून आला.

कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या सुरुवातीच्या काळात मुंबई इलाख्याच्या बऱ्याच भागांत दारूचा मक्ता लिलावाने दिला जायचा. मक्तेदार किंवा त्याचा पोटमक्तेदार गावात दुकान टाकायचा आणि दुकानाजवळच भट्टी लावायचा. दुर्गम पाड्यांवर तर घरोघर गाळायचे आणि कोणी विचारायला येत नसे. जिथे भट्टी तिथेच दुकान. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हा त्या व्यवस्थेचा शिल्पकार. गावोगावच्या भट्ट्या बंद. दारू गाळायची ती सरकारच्या नजरेखालच्या मध्यवर्ती भट्टीत, तिच्या कडकपणानुसार लिटरमागे म्हणा, गॅलनमागे म्हणा, कर भरायचा आणि मग मक्तेदाराच्या दुकानातून विकायची. ताडी-माडीच्या झाडावर झाडागणिक कर. घरी गाळली तर गुन्हा. सरकारची बाजू अशी की त्यामुळे पिणं कमी होईल. झालं काय? दारू महाग झाली, महसूल वाढला, आणि आजवर स्वतःच्या झाडाच्या फुलाची दारू घरात करणारा माणूस तीच दारू रोख पैसे देऊन किंवा उधारीवर मक्तेदाराच्या दुकानातून घेऊ लागला. उधारी फेडायला पीक गेलं, मग जमीन गेली. ठाणे, कुलाबा, सुरत, नाशिकच्या डांगपट्ट्यात सावकार आणि दारूदुकानदार हे पुष्कळदा एकच दुकान होतं.

एवढ्यावर भागलं नाही. चोरून गाळणं थांबेना, तेव्हा १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा केला. आता फूल बाळगणंही संशयाचं. दारू नव्हे, फूल! आणि त्याच वेळी मुंबई शहराची तहान भागवायला पंचमहालातून मोहाची फुलं उरणच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये येत होती, राजरोस. म्हणजे फूल वाईट नव्हतं. ते कोणाच्या टोपलीत आहे, यावर सगळं ठरत होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण 'आदिवासींना दारू हवीच असते' असं म्हणणारे आपल्यातच खूप आहेत. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवीची लाट उठली. ती घाट चढून नाशिकच्या बागलाण-सुरगाण्याकडे, तिथून डांगात आणि सुरत जिल्ह्यात पसरली. कुणाच्या तरी अंगात देवी यायची आणि सांगायची : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूदुकानदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो माणसं जमायची आणि शपथ घ्यायची. वरून कोणी पुढारी पाठवला नव्हता. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांचं या चळवळीवर अख्खं पुस्तक आहे. दारू सोडणं हा त्या माणसांचा धर्माचार होताच, पण त्याहून जास्त तो मक्तेदाराच्या वहीतून नाव काढून घेण्याचा मार्ग होता. प्यायची की नाही, हे आम्ही ठरवू, एवढंच ते म्हणत होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आणली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. मोहाच्या फुलावरची बंधनं या कायद्यातही आली, गोळा करणं, नेणं, साठवणं, विकणं, सगळ्यावर. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात कागदोपत्री दारूबंदीच आहे आणि पिणारा प्रत्येक जण परवान्यावर पितो. तुमच्या हायवेवरच्या 'फॅमिली गार्डन रेस्टॉरंट अँड परमिट रूम' या पाटीतला 'परमिट' तो हाच. एका दिवसाचा परवाना देशीला २ रुपये, विदेशीला ५ रुपये, आणि कारण काय, तर प्रकृतीस्वास्थ्य! किती जणांनी तो आयुष्यात काढलाय ते विचारू नका.

मग आली द्राक्षं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी गंगापूरजवळ वाइनची द्राक्षं लावली, २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, इथल्या द्राक्षांपासून इथेच केलेल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूरला वाइन पार्क केलं. २००५ मध्ये सुलाने बागेतच टेस्टिंग रूम उघडली. बाग बघा, टाकी बघा, चव घ्या, जेवा, बाटली घेऊन जा. या धोरणाने नाशिकच्या शेतकऱ्याला खरोखर नवं गिऱ्हाईक मिळालं, पोरांना हॉटेलात, बागेत, गाडीवर काम मिळालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

२००९ मध्ये पुण्यात 'डूलाली'ने राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली. हॉटेलातच तांब्याच्या-स्टीलच्या टाक्या, तिथेच बिअर मुरते, तिथेच नळाने ग्लासात येते. सोबत जेवण. नंतर मुंबई, पुणे, ठाणे करत हे लोण आपल्या रस्त्यांपर्यंत आलं. प्रवासात असताना 'इथलीच, ताजी, समोर केलेली' बिअर आणि जेवण, हेच त्याचं आकर्षण. जव बाहेरचं, हॉप्स तर बहुतेक युरोप-अमेरिकेतले, पण टाकी समोर दिसते म्हणून ती 'लोकल'.

आता ते वाक्य आठवा. जिथे भट्टी तिथेच दुकान. १८७८ मध्ये मोडून काढलेली पद्धत १३१ वर्षांनी परवाना, काच आणि मंद दिवे लावून परत आली. फरक आहे, मान्य. बिअर आंबवलेली असते, मोहाची दारू गाळलेली, तिच्यात मद्यार्क कितीतरी जास्त. पण गिऱ्हाइकाला भावते ती गोष्ट एकच : माझ्यासमोर, या जागेच्या मालातून, ओळखीच्या हाताने केलेलं. त्र्यंबकच्या पाड्यावरची म्हातारी तेच करत होती. तिच्या घरचं मडकं पोलिसांच्या बातमीत 'गावठी दारूचे रसायन नष्ट' या मथळ्याखाली येतं. टाकी स्टीलची असली की रविवारच्या पुरवणीत फोटो येतो.

लगेच कुणी म्हणेल, हातभट्टी सुरू करा म्हणताय का? नाही. आजची हातभट्टी ही मोहाची राहिलेलीच नाही. फुलावर बंदी आली तेव्हा काळा गूळ, नवसागर आणि काय काय पिंपात पडू लागलं. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, ती स्वस्त दारू पिणारी मोलमजुरी करणारी होती. आणि पाड्यावरच्या बाईला विचाराल तर ती दारूचं कौतुक ऐकून घेणार नाही. तिच्या मजुरीचे पैसे रात्री कुठे जातात हे तिला माहीत आहे. 'आडवी बाटली' करून गावोगावची दुकानं बंद करणाऱ्या बायकाच होत्या. त्यांना डावलून मोहाचा पर्यटन-उत्सव भरवला तर तो १८७८ चाच नवा अवतार होईल : फूल पाड्याचं, बाटली कुणा मोठ्याची, नफा मुंबईत.

मधल्या काळात दोन हालचाली झाल्या. २०२१ च्या मे महिन्यात राज्य सरकारने मोहाची फुलं गोळा करणं, बाळगणं, वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. फूल सव्वाशे वर्षांनी निर्दोष सुटलं म्हणा. आणि २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर वादळ उठलं, अण्णा हजारे उपोषणाला बसायला निघाले, आणि तो निर्णय अंमलात आलाच नाही. वाइनवर महिनाभर चर्चा झाली, टीव्हीवर रोज भांडणं. मोहाच्या निर्णयावर आपल्या तालुक्यात तरी किती जणांनी बोललेलं ऐकलंत?

शेजारी बघा. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि २०१६ मध्ये तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता दिली. मध्य प्रदेशने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून विकायचं जाहीर केलं आणि ती आदिवासी गटांनीच करायची असं धोरण आखलं. आपल्या नाशिकच्या वाइनलाही भौगोलिक मानांकन आहे. मोहाला आपल्याकडे काय आहे? पोलीस पाटलाची नोंदवही.

हे आत्ताच का लिहितोय, तर सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. रस्ते रुंद होतायत, हॉटेलं उभी राहतायत, जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. एवढे लोक येणार म्हणजे एवढी पानं वाढली जाणार. त्या पानात तालुक्यातल्या पाड्यांचा वाटा किती, हा प्रश्न नियोजनाच्या बैठकीत कोणी विचारेल असं वाटत नाही, म्हणून आपण विचारायचा.

माझं मत स्पष्ट आहे. त्र्यंबकच्या यात्रेकरूला दारू पाजायची काही गरज नाही, तो त्यासाठी येत नाही. पण मोहाचा लाडू, फुलांचा पाक, नागलीची भाकरी, वरईचा भात, रानभाज्या हे त्याच्या पानात यायला अडचण कसली? श्रावणात उपासाला वरई लागतेच, ती आपल्याच डोंगरावर पिकते आणि यात्रेकरू मात्र दुकानातली पाकिटातली घेतो. महिला बचत गटांना सिंहस्थात गाळे द्यायचे तर ते गावाबाहेरच्या प्रदर्शनात नकोत, दर्शनमार्गावर आणि बस तळावर हवेत. हे फार मोठं धोरण नाही, जागावाटपाचा एक कागद आहे.

दारूचं बोलायचं तर, ज्याला वाइनरीत आणि ब्रुअरीत बसून 'इथलं काहीतरी' प्यायचंय तो पर्यटक आहेच आणि राहणार. त्याच्यासाठी मोहाची शुद्ध, तपासलेली, परवान्याची दारू कधी काळी निघायची असेल तर ती कोणी करायची, हे ठरवण्याचं ठिकाण कायद्याने दिलेलं आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांच्या विक्रीचं नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ मध्ये आले, आणि आपल्या तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ग्रामसभेने नको म्हटलं तर नको. हो म्हटलं तर भट्टी गावाच्या मालकीची, फुलाचा भाव गावाने ठरवलेला, आणि बायकांचं मत आधी घेतलेलं. द्राक्षाला २००१ मध्ये शुल्कमाफी मिळाली तेव्हा सरकारने शेतकऱ्याचं नाव पुढे केलं होतं. चैत्रात पहाटे झाडाखाली वाकलेली बाईसुद्धा तशी शेतकरीच आहे, फक्त तिच्या झाडाचा सातबारा बहुतेक वेळा वनखात्याच्या नावावर असतो.

पुढचा मोहाचा हंगाम मार्चमध्ये सुरू होईल. त्याआधीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यायला सरपंचांना सांगता येतं. अर्ज साध्या कागदावर चालतो, फक्त पोच घ्यायला विसरू नका.